हातभर जाळी शिवायची राहिली

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते जाळी शिवायचं. कोंबड्यांच्या शेडची जाळी. माकडांनी टिनावर उड्या मारता मारता एका अंगानं फाडून ठेवली होती.

हे काम एकट्याचं नाही. एक माणूस आत लागतो, एक बाहेर. बाहेरच्यानं दाभण आत खुपसायचं, आतल्यानं ते ओढून घ्यायचं, सुतळी ताणायची आणि बोटभर पुढून दाभण परत बाहेर द्यायचं. ती आत बसायची, उपड्या घमेल्यावर. मी बाहेर, दोन विटांवर. आत तीच काहून, तर कोंबड्या तिला भीत नव्हत्या. मी नुसतं दार उघडलं तरी शेडभर पंखांचा धुराळा व्हायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात समोरासमोर बसून बोलणं आम्हाला कधी जमलं नाही. मी तोंडाचा फाटका, ती घुमी. पण हाताला काम आणि मधे जाळी असली की ती बोलायची. जे काय सुखदुःखाचं बोललो ते असं, एकमेकाचं तोंड नीट न दिसता.

त्या दिवशी लेकीचं बोलली. आम्हाला एकच लेक, मंगरूळपीरला दिलेली. तिला या वेळी चार दिवस राहायला बोलवू म्हणाली. मग ज्वारीवर आली. पुढच्या पेऱ्याला विहिरीजवळची ज्वारीची ओळ जरा लांब पेरा, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, सगळ्या शिवारात सोयाबीन आणि आपल्याच बांधाला ज्वारी, लोक हसतात.

"हसू द्या," ती म्हणाली. "लोकाईले फुकटचं हसाले काही तं पाह्यजे."

हातभर जाळी राहिली असताना सुतळी संपली. घरात दुसरा तुकडा नव्हता. तिनं दाभण आतल्या बाजूनं जाळीतच खोचून ठेवलं, भोकात एक पोतं कोंबलं आणि डाव्या हाताची मूठ दोनचार वेळा उघडझाप केली. बसून बसून आखडला असेल असं मला वाटलं.

"राह्यलेलं उद्या शिवू," ती म्हणाली. "दुकानातून सुतळी आनजा."

बस, एवढंच. यापेक्षा मोठं काही शेवटचं बोलणं आमच्यात झालं नाही. नंतर भाकरी खाल्ली, झोपलो.

आता ही जाळी काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कामरगावच्या अलीकडं आमचं वावर आहे. वावरातच घर, घराला लागून कोंबड्यांचं शेड. गुडघाभर विटांची भिंत, वर तारेची जाळी, त्यावर टिन. हे शेड तिचं. वावर माझं म्हणा, पण शेड तिचं. पहिल्यांदा पिल्लं आणली तेव्हा ती त्यांच्यापाशी दिवसदिवस बसून असायची. ती कोंबड्यांची पहिली खेप मोठी झाली, अंड्यांवर आली आणि मेली. सकाळी चार पडलेल्या, दुपारी दहा, असं करत करत सगळं शेड गेलं. माना वाकड्या करून पडायच्या. मी खड्डा खोदला, तिनं टोपलीनं आणून टाकल्या, वरून चुना टाकला. त्यानंतर कित्येक दिवस ती कोणाशी बोलली नाही. मी बाहेर जाऊन ओरडून घ्यायचो, बैलावर, गावावर, देवावर. तिचं तसं नव्हतं. ती रिकामं शेड झाडत बसायची.

मग तिनं ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलावून आणलं. पोरगेला माणूस, पण शहाणा. तो तेव्हा आला नसता तर दुसरी खेपही गेली असती, हे मी आजही म्हणतो. नवी पिल्लं नुकतीच टाकली होती. तो दारात उभा राहिला आणि बराच वेळ नुसता पाहत होता. भरड्याच्या भांड्यात चिमण्या. पाण्याच्या ताटलीत एक साळुंकी आंघोळ करून राहिली होती. टिनाखालच्या पाइपावर पारवे, त्यांची घाण खाली भरड्यात. वर कावळा.

"मावशी," तो म्हणाला, "या शेडात कोंबड्या कमी आणि पाहुणे जास्त आहेत."

मग त्यानं समजावलं. पाखरू स्वतः आजारी दिसतच नाही. ते कुठल्यातरी मेलेल्या कोंबडीपाशी बसून येतं, आपल्या पाण्यात चोच घालतं, आपल्या भरड्यावर घाण करतं आणि उडून जातं. मरतात त्या आपल्या, कारण त्यांना उडून जाता येत नाही. पाखरांना मारू नका, आत येऊ देऊ नका, एवढंच. खाद्य झाकून ठेवा. सांडलेलं झाडून घ्या. आत जायच्या चपला वेगळ्या ठेवा, दारात चुन्याची पाटी ठेवा, कारण बाहेर पडलेली घाण पायानंही आत जाते.

मला हे पटलं नाही. मी तोंडावर बोललो त्याच्या. चिमणी म्हणजे घरची लक्ष्मी, ती कुठं रोग आणते. तो काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "लक्ष्मी असन तं आंगनात येईन. कोंबड्याईच्या ताटात काहून बसन?"

त्या दिवसापासून तिनं डॉक्टरचा शब्द न् शब्द धरला. जुन्या चपलांची एक जोडी शेडच्या आतल्या खिळ्याला लटकवली, ती बाहेर आली नाही कधी. चुन्याची पाटी ठेवली. मी विसरून पाय न बुडवता आत पाय टाकला तर शेडभर ऐकू जाईल असं ओरडायची. ही बाई, जी एरवी ओरडत नव्हती. मग मी आत जाणंच सोडलं.

पण चिमण्या तारेच्या जाळीतून सहज यायच्या. जाळीची भोकं मोठी. पहिल्यांदा आम्ही कॅसेटच्या चमकत्या फिती बांधल्या. दोन दिवस भ्याल्या, तिसऱ्या दिवशी फितीवर बसून झोके घेऊ लागल्या. मग टिनाचा डबा वाजवला, त्यानं कोंबड्याच भ्याल्या. मग मी माझा जुना सदरा घालून बुजगावणं उभं केलं. त्याच्या खिशात चिमणीनं काड्या आणून घरटं केलं. ते पाहून ती हसत हसत खाली बसली.

"तुमचा धाक घरातबी असाच हाय," म्हणाली.

शेजारच्या वावरवाल्यानं औषध घातलेले दाणे टाकायला सांगितलं, एका दिवसात साफ होतील म्हणे. मी जवळजवळ तयार झालो होतो. तिनं हो म्हटलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. मेलेली चिमणी कावळा उचलणार, तो आपल्याच टिनावर आणून खाणार, मग काय साफ झालं. आणि दुसरं म्हणजे, त्या पाखरानं काही गुन्हा केलेला नाही. त्याला कोणी जागा सांगितली नाही, म्हणून ते दिसेल तिथं बसतं.

जागा सांगायची म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. धरणावर मासे धरणाऱ्यांकडून तिनं त्यांची जुनी जाळी आणली, बारीक भोकांची. ती आम्ही तारेवरून सगळीकडून शिवली. तोच तो आत-बाहेर धंदा. आणि ज्या दिवशी शेड बंद झालं त्याच दिवशी तिनं शेडपासून दूर, विहिरीवरच्या बाभळीला ज्वारीची कणसं बांधली आणि खाली फुटक्या मडक्यात पाणी ठेवलं. आमच्याकडं कोणी ज्वारी पेरत नाही आता, कणसं आणायची कुठून. म्हणून विहिरीच्या बांधाला तिची एक ओळ. कणसं वाळवून जुड्या करून घरात आढ्याला टांगून ठेवायची आणि एकेक करत वर्षभर पुरवायची. चिमण्या काही दिवस जाळीला येऊन लटकल्या, चोच मारून गेल्या, मग बाभळीचं त्यांना कळलं. डॉक्टर पुन्हा आला तेव्हा त्याला ते झाड दाखवलं. तो म्हणाला, पाणी रोज बदलत जा, आणि हे असंच शेडपासून लांब राहू द्या.

तेव्हापासून शेडात रोग आला नाही. डॉक्टरमुळं म्हणा, जाळीमुळं म्हणा.

यंदा पुन्हा बोंब उठली होती. तालुक्यापलीकडं एका गावात कोंबड्या मरू लागल्या, खड्डे खोदणं सुरू झालं. डॉक्टरनं गावोगाव निरोप धाडला की जाळ्या, खाद्य, पाणी पाहून घ्या. त्याच आठवड्यात माकडांनी जाळी फाडली. म्हणून ती घाई करत होती. शेडात कोंबड्या अंड्यांवर आल्या होत्या, आणि पहिल्या खेपेसारखा खड्डा तिला पुन्हा पाहायचा नव्हता.

सुतळी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मांडून ती ओट्यावर बसली ती उठली नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं म्हणाली. शेजाऱ्याच्या जीपमधे घातलं. कारंजा यायच्या आधीच तिचं डोकं माझ्या खांद्यावरून घसरलं. मी ड्रायव्हरला सांगितलं, गाडी फिरव. तो म्हणाला, काका, दवाखान्यात तर दाखवू. दाखवलं. त्यांनी जे मला माहीत होतं तेच सांगितलं.

दुपारपर्यंत लेक आली. लेकीची मावशी, हिची मोठी बहीण, आली. गावातली माणसं आली. कोणीतरी दुकानातून बांबू, मडकं, कापड आणलं. सुतळीचं नवं बिंडं आणलं. तिनं आणायला सांगितली तशी सुतळी घरात दुसऱ्याच दिवशी आली, पण ती तिरडीला लागली.

आग मी दिली. सांजेला परत आलो. कोंबड्यांना शेजारणीनं दारातूनच पाणी सरकवलं होतं म्हणे. मी विचारलंही नव्हतं. बाया घरात जमलेल्या, त्यांनी त्यांचं सगळं केलं. आमच्याकडं रीत आहे, जिथं मेलेल्या माणसाला निजवलं होतं त्या जागेवर ज्वारीचं पीठ पसरतात, बाजूला दिवा लावतात आणि त्यावर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं. पिठात ज्याचं पाऊल उमटलं असेल त्या जन्माला माणूस गेलं म्हणायचं. गाईचं, माणसाचं, मुंगीचं, काय असेल ते. माझ्या आईच्या वेळी काहीच उमटलं नव्हतं, तरी बायांना त्यात लेकराचं पाऊल दिसलं होतं.

सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो, तर आतून लेकीचा रडण्याचा आवाज आला, पण वेगळा. मला हाका मारत होती. आत गेलो. सगळ्या बाया टोपल्याभोवती वाकलेल्या. पिठावर पाऊल होतं. एक नाही, चारपाच. पुढं तीन बारीक काड्या, मागं एक. चिमणीचं.

ते खरंच होतं. बायांना वाटलं म्हणून नव्हतं.

आता मी काही खुळा नाही. घराचं दार उघडं होतं, माणसं येऊन-जाऊन होती, आमची जमीन खालवर, टोपल्याखाली बोटभर फट. पहाटे चिमणी आली असेल, पीठ दिसलं, खाल्लं. चिमणी पीठ खायलाच येते. पण ते मी कोणाला बोललो नाही. मीही त्या पावलांकडं पाहत राहिलो. एवढं बारीक पाऊल. तिचे पाय मोठे होते, भेगाळलेले.

तेवढ्यात शेडातून चिवचिव ऐकू आली. आतून. मी ओट्यावर येऊन पाहिलं. भोकातलं पोतं खाली पडलेलं, आणि हातभर जाळीतून चिमण्या आत-बाहेर करत होत्या. दोन-तीन भरड्याच्या भांड्यावर बसल्या होत्या.

मी सुतळी शोधू लागलो. अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं तिरडी बांधली होती, तिथं बिंडं पडलं होतं, अर्धं उरलेलं. ते उचललं. हिची मोठी बहीण धावत आली, म्हणाली, तिरडीची उरलेली सुतळी घरात ठेवत नाहीत, ती तिरडीबरोबरच टाकायची असते, कोणी विसरलं वाटतं, फेका ती. आणि तुमी आग देल्ली भाऊजी, आज कशाले हात लावू नका.

मी बिंडं काखेत मारलं. ही सुतळी तिच्यासाठी आणलेली होती, आणि आणायला तिनंच सांगितलं होतं, यापलीकडं मला त्यात काही दिसलं नाही.

शेडपाशी पोचलो तर लेक माझ्या आधी तिथं उभी. भोकाच्या पुढ्यात, पाठ जाळीला लावून. डोळे सुजलेले. तिच्या मागं एक चिमणी जाळीच्या कडेवर बसून आत पाहत होती.

"बाबा, एवढं भोक राहू द्या," ती म्हणाली. "माय आली तं कुठून येईन?"

मला रडू आलं नव्हतं, स्मशानातही नाही. तिथं आलं. मी तोंड फिरवून सुतळी सोडत बसलो. तिला रागावणार होतो, रोगाचं सांगणार होतो, पलीकडच्या गावचे खड्डे सांगणार होतो. आत कोंबड्या भांड्याभोवती जमल्या होत्या आणि चिमण्या त्यांच्या पाठीवरून उड्या मारत होत्या. एका चिमणीनं पाण्यात चोच घातली. हे पाहून तिनं काय केलं असतं ते मला माहीत होतं. लेकीलाही माहीत होतं.

"ती तुही माय असन," मी म्हटलं, "तं तिले माहीत हाय कुठं खायाचं ते."

लेकीनं मागं वळून त्या चिमणीकडं पाहिलं. मग बाजूला झाली. घरात गेली नाही, जाऊन चुन्याच्या पाटीजवळ बसली आणि पदरानं नाक पुसत राहिली.

मी दार उघडं टाकून बाजूला उभा राहिलो. हाकललं नाही. हाकललं की त्या वर पाइपावर जाऊन बसतात, मग दिवस जातो. आपण हाललो नाही तर आपसूक निघतात. एकेक करत गेल्या. शेवटची भांड्याच्या काठावर बसून राहिली. मान वाकडी करून माझ्याकडं पाहत होती, की मला तसं वाटलं. मग तीही गेली, दारातून नाही, भोकातूनच.

दाभण तिनं खोचलं होतं तिथंच होतं, आतल्या बाजूनं. ते काढायला आत जायला पाहिजे. चुन्यात पाय बुडवले. आत खिळ्याला तिच्या चपला. त्या मी घातल्या. माझी टाच अर्धी बाहेर. कोंबड्या फडफडल्या, भिंतीला जाऊन चिकटल्या, मग त्यांना चपला ओळखीच्या वाटल्या का काय, थांबल्या. मी दाभणात सुतळी ओवली, बाहेर खुपसली. बाहेर ओढायला कोणी नाही. चपला खिळ्याला लावून बाहेर आलो, ओढली, पुढून आत खुपसली. पुन्हा चुना, पुन्हा चपला, आत जाऊन ओढली. असं करत करत शिवली. हातभर जाळीला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. मोठी बहीण ओट्यावरून पाहत होती, तिनं पुन्हा हटकलं नाही. शेवटचा टाका आतून आला. गाठ आतून मारली. तीही आतूनच मारायची.

कोंबड्यांचं पाणी बदललं, सांडलेला भरडा झाडून घेतला, बाहेर आलो, दार लावलं.

मग घरात जाऊन आढ्यावरची ज्वारीची जुडी काढली. विहिरीवर गेलो. बाभळीवर तिनं बांधलेलं कणीस नुसतं खुंट झालं होतं, एक दाणा नव्हता त्यात. ते सोडलं. नवं कणीस जाळीतून उरलेल्या त्याच सुतळीनं बांधलं. मडकं विसळून पाणी भरलं.

तिथं उभा राहिलो नाही. माणूस उभं असलं की पाखरं येत नाहीत.